‘लेट गो’ म्हणजे नारळ दिला

या आठवड्याचं पत्र हिंजवडीहून आलंय. लांब होतं म्हणून थोडं कापलंय आणि नाव काढून टाकलंय.

‘ताई नमस्कार. मी वाळवा तालुक्यातली, दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग डिप्लोमा, मग डिग्री, आणि आता दीड वर्ष झालं एका कंपनीत सपोर्ट टीमला आहे. क्लायंट अमेरिकेतला आहे. कामाचं इंग्लिश जमतं, ईमेल जमतात, पण कॉलवर ती माणसं मोकळी बोलायला लागली की माझं डोकंच बंद पडतं. टच बेस करू, सर्कल बॅक करू, बॉलपार्क सांग. एकदा एकजण म्हणाला लेट्स टेक धिस ऑफलाइन, तर मी कॉल सोडून खरंच ऑफलाइन गेले, मागून कळलं की हा विषय आत्ता नको, नंतर दोघंतिघं बोलू असं त्याला म्हणायचं होतं. मागच्या आठवड्यात तर कहर झाला. तिकडच्या मॅनेजर बाईंनी सांगितलं की आमच्यासोबत काम करणाऱ्या एकाला लेट गो केलंय. मला वाटलं सुट्टीवर सोडलंय. मी म्हणाले, ओह नाइस, ही डिझर्व्ह्ज इट! कॉलवर कुणी काही बोललंच नाही. नंतर टीम लीडने अर्थ सांगितला तेव्हा मी वॉशरूममध्ये जाऊन रडले. मी एक हजार इडियम्सचं पुस्तक आणलंय, रोज 20 पाठ करते, 340 झाले, त्यातला एकही अजून कॉलवर आलेला नाही. रूममेट कॉन्व्हेंटची आहे, ती म्हणते हे लहानपणापासून कानावर पडावं लागतं, आता नाही येणार. एक ऑनलाइन क्लास आहे, 30 दिवसांत 500 इडियम्स, 12 हजार फी. लावू का? आणि त्या मॅनेजर बाईंना आता काही लिहू की गप्प बसू?’

अगं, आधी पैशाचं सांगते, कारण फी भरायची शेवटची तारीख डोक्यावर असेल. क्लास लावू नकोस. 30 दिवसांत 500 म्हणजे दिवसाला सोळा-सतरा झाले, आणि तू तर स्वतःची स्वतः रोज 20 करतेयस, फुकट, आणि त्याचा काय उपयोग झाला हे तूच लिहिलंयस. तेच काम कुणीतरी 12 हजार घेऊन करून घेणार, एवढाच काय तो फरक.

आता तो कॉल. समज, त्या मॅनेजर बाई हौसेने मराठी शिकल्या, व्याकरण पक्कं, शब्द भरपूर, आणि तू त्यांना सांगितलंस की आमच्या टीममधल्या एकाला कंपनीने नारळ दिला. त्या काय म्हणतील? म्हणतील वा, छान, नारळ तुमच्यात शुभ असतो ना, अभिनंदन सांगा त्याला. नारळ हा शब्द त्यांना माहीत आहे, दिला माहीत आहे, वाक्य अगदी बरोबर कळलंय आणि तरी अर्थ हातातून निसटलाय. निरोपाचा नारळ हे ज्याच्या कानावर आलेलंच नाही त्याला तो कसा कळणार. तू त्यांना ढ म्हणशील का? दोन मिनिटं सगळे गप्प होतील, मग कुणीतरी समजावेल. तुझ्या बाबतीत अगदी हेच झालंय, तसूभरही जास्त नाही. तू रडलीस त्याचं मला वाईट वाटलं, पण कारण चुकीचं धरून रडलीस. तुझं इंग्लिश कच्चं आहे म्हणून हे झालं नाही. लेट पण तुला येतं, गो पण येतं, दोन्ही पहिली-दुसरीतले शब्द, म्हणूनच तू फसलीस.

हे नीट समजून घे, कारण तुझ्या पुस्तकात हे नसणार. अनोळखी शब्द आला की आपल्याला निदान कळतं तरी की हे कळलं नाही, आपण थांबतो, शोधतो, विचारतो. पण सगळे शब्द ओळखीचे असले की डोकं थांबतच नाही, आपण आपला साधा अर्थ लावतो आणि पुढे जातो आणि आपण चुकलो हे समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळतं, फोनवर तर तेही नाही. मी 1998 साली पुण्यात एका एक्स्पोर्टच्या ऑफिसात लागले तेव्हा लंडनच्या एका बाईंशी रोज फोन असायचा. एकदा मी म्हणाले, हे कस्टम्सचे कागद म्हणजे जीव घेतात. त्या म्हणाल्या, ओह, टेल मी अबाऊट इट. मला वाटलं त्या विचारतायत, म्हणून मी सांगायला लागले, कुठला फॉर्म, कुठला शिक्का, कोण साहेब सही करत नाही, चांगली दहा मिनिटं. बिचाऱ्या ऐकत राहिल्या. दोन वर्षांनी दुसऱ्याच कुणाच्या तोंडून तेच वाक्य ऐकलं आणि डोक्यात प्रकाश पडला की टेल मी अबाऊट इट म्हणजे सांगू नकोस, मला पुरतं माहितीये, मीही त्यातनंच गेलेय. आणि गंमत बघ, मराठीत आपण हेच कसं म्हणतो? मला काय सांगतेस! म्हणजे ते ‘सांग’ म्हणून म्हणतात, आपण ‘काय सांगतेस’ म्हणून म्हणतो, आणि दोघांचा अर्थ एकच. मला जर तेव्हा कुणी या वाक्याची व्याख्या न सांगता नुसतं म्हटलं असतं की हे आपलं ‘मला काय सांगतेस’ आहे, तर ते जन्मभर विसरले नसते.

अशी बिनचेहऱ्याची वाक्यं रोजच्या बोलण्यात ढिगाने असतात आणि हजार इडियम्सच्या पुस्तकांत ती फार नसतात, कारण ती दिसायला इडियमसारखी दिसत नाहीत. पुस्तकवाल्यांना चित्र काढता येईल अशी आवडतात, बादलीला लाथ, पिशवीतली मांजर, पावसात कुत्री-मांजरं. ती मजेशीर आहेत, मला पण आवडतात, पण अमेरिकेतला माणूस बाहेर धो-धो पाऊस पडत असला तर बहुतेक वेळा सरळ इट्स पोअरिंग म्हणतो. बादलीला लाथ मारणं म्हणजे मरणं हे 1785 साली छापलेल्या एका इंग्रजी बोलभाषेच्या कोशात आहे, म्हणजे आपल्याकडे महादजी शिंदे असतानाचं, आणि आजही ते हलकंफुलकं बोलताना चालतं, पण कुणाच्या घरी खरंच मयत झालेली असताना कुणी ते वापरत नाही. पुस्तकात समोर लिहिलेलं असतं फक्त ‘मरणे’. आपण कुणाचे वडील गेले तर ‘त्यांचा कारभार आटोपला’ म्हणतो का? म्हणत नाही. वारले म्हणतो, गेले म्हणतो. हा फरक ‘मरणे’ एवढ्या एका शब्दात मावत नाही, म्हणून तुझे ते 340 डोक्यात आहेत पण जिभेला आणि कानाला त्यांचा पत्ता नाही.

त्यापेक्षा कॉलवर खरं काय चालतं ते ऐक. यू माइट वाँट टू चेक द लॉग्स. शब्दशः बघितलं तर ‘तुला कदाचित लॉग बघावेसे वाटतील’. मला नाही वाटत बघावेसे, असं म्हणून सोडून देणारी मुलं मी पाहिलीत, आणि मग संध्याकाळी ओरडा. हे सुचवणं नाही गं, हे काम सांगणं आहे, फक्त मऊ करून. आपले साहेब नाही का म्हणत, जरा ते लॉग बघून घेतेस का? तो प्रश्न असतो का? तसंच. व्हेन यू गेट अ चान्स म्हणजे सवडीने कर, पण कर, आणि उद्या मी विचारणार आहे. आय ॲम अफ्रेड वी कान्ट डू दॅट मध्ये कुणी घाबरलेलं नाही, ‘नाही हो जमणार’ मधला जो ‘हो’ आहे ना, तो तिकडे अफ्रेड आहे. विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट आलं की ओळखायचं आता समोरचा विरोध करणार, आपलं ‘राग मानू नका, पण’. नेव्हर माइंड म्हणजे जाऊ दे. फेअर इनफ म्हणजे बरं, पटलं. हाऊ कम तर चक्क आपलं ‘असं कसं काय’. कॉल इट अ डे म्हणजे आजच्यापुरतं आवरतं घेऊ. यातलं एकही वाक्य पाठ करायची गरज नाही, मराठीतली जागा सापडली की बसलं.

आणि जागा सापडते, कारण ही यंत्रणा तुला आधीच येते. तुला वाटतं मराठी मीडियममुळे आपण मागे पडलो, मी उलट सांगते. ‘लागणे’ हे एक क्रियापद घे. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, वेड लागतं, डोळा लागतो, वाट लागते, मन लागत नाही. परक्या माणसाने काय करायचं सांग? एका शब्दाचे एवढे अर्थ, आणि नियम काहीच नाही. माझ्या मावसबहिणीची सून पोलंडची आहे, ती मराठी शिकते, तिला सासूबाई म्हणाल्या ‘दुपारी जरा डोळा लागला’ तर ती डोळ्याला काय लागलं म्हणून ड्रॉप्स घेऊन आली. मग तिला डोळे येणं सांगितलं, डोळा मारणं सांगितलं, डोळे फिरणं, डोळेझाक, आणि ती हताश होऊन म्हणाली की तुमच्या डोळ्यांना एवढी कामं का? आपण हे कधी शिकलो? कुणी रोज 20 पाठ करून घेतले होते का? आजी म्हणाली ‘जरा डोळा लागला होता’ आणि आपण तिची विस्कटलेली उशी बघितली, संपलं.

इंग्रजीतली ती छोटी छोटी जोडक्रियापदं, पुट ऑफ, कॉल ऑफ, फाइंड आऊट, युज अप, ज्यांना सगळे घाबरतात, ती तर आपल्या संयुक्त क्रियापदांची लांबची भावंडं वाटतात मला. खा आणि खाऊन टाक यात फरक काय? टाक लावलं की काम पूर्ण झालं, संपलं, मागे काही उरलं नाही. इंग्रजीत बऱ्याच ठिकाणी अप तेच करतं. ईट म्हणजे खा, ईट अप म्हणजे खाऊन टाक, ड्रिंक अप पिऊन टाक, युज अप वापरून टाक, टेअर अप फाडून टाक. आऊट पुष्कळदा आपलं ‘काढ’ असतं, फाइंड आऊट म्हणजे शोधून काढ, तसंच फिगर आऊट, वर्क आऊट, डोकं लावून काढणं. राईट डाऊन म्हणजे लिहून घे किंवा लिहून ठेव. ट्राय आऊट म्हणजे करून बघ. सगळीकडे बसत नाही हे, ऑफ तर फारच त्रास देतं, पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणं आणि कॉल ऑफ म्हणजे रद्दच, आणि हे दोन उलटे ऐकले तर मीटिंगला आपण एकटेच जाऊन बसतो किंवा जातच नाही, म्हणून ही जोडी मात्र नीट लक्षात ठेव. पण अप दिसलं की एकदा ‘टाक’ लावून बघायचं, अर्ध्या वेळा तरी मदत होते.

आता तुझं टच बेस आणि बॉलपार्क. हे बेसबॉल आहे. तुमचा क्लायंट अमेरिकन आहे त्यामुळे हे तुला सतत ऐकू येणार. बेसबॉलमध्ये चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार बेस असतात, बॉल मारला की पळत सुटायचं आणि एकेक बेस शिवत पुढे जायचं, बेसला पाय लागला की तेवढ्यापुरता सुरक्षित. म्हणून टच बेस म्हणजे थोडक्यात संपर्क, एक फोन, काय चाललंय एवढं विचारणं. बॉलपार्क म्हणजे बेसबॉलचं मैदान, आणि बॉलपार्क फिगर म्हणजे ढोबळ आकडा, नेमका नको, साधारण किती ते सांग. तिथे तू दोन दिवस बसून नेमका आकडा काढलास तर तुझे दोन दिवस फुकट गेले. कर्व्हबॉल टाकला म्हणजे आपली गुगली टाकली, अवचित अवघड काहीतरी पुढ्यात आलं. स्टेप अप टू द प्लेट म्हणजे पुढे होऊन जबाबदारी अंगावर घेणं, प्लेट म्हणजे बॅट घेऊन उभं राहायची जागा, जेवायची नाही. आऊट ऑफ लेफ्ट फील्ड म्हणजे ध्यानीमनी नसताना कुठूनतरी आलेलं. एकदा वीस मिनिटं बेसबॉलची मॅच लावून बघ, नियम कुणाकडून तरी समजून घे, यातलं निम्मं आपोआप उलगडेल, जसं क्रिकेट माहीत असलेल्याला विकेट पडली, क्लीन बोल्ड, षटकार मारला हे राजकारणाच्या बातम्यांत सुद्धा सहज कळतं. इंग्रजांचे वाक्प्रचार क्रिकेटचे, स्टिकी विकेट म्हणजे अडचणीची परिस्थिती, आणि ते अमेरिकन माणसाला सहसा नाही कळत, म्हणजे अडखळणारी तू एकटी नाहीस, जन्मापासून इंग्रजी बोलणारे दोन देश एकमेकांचं बोलणं ऐकून अडखळतात.

याचं मला फार आवडतं उदाहरण आहे, चर्चिलने स्वतः लिहून ठेवलंय. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकारी एका बैठकीत बसले होते, ब्रिटिश म्हणाले हा कागद टेबल करू, म्हणजे तातडीने चर्चेला घेऊ. अमेरिकेत टेबल करणं म्हणजे बाजूला ठेवणं, तूर्त नको. झालं, दोघंही तावातावाने भांडले, बराच वेळ, आणि मग लक्षात आलं की दोघांना एकच हवंय. युद्ध चालू असताना, दोन्हीकडचे शिकलेसवरलेले वरिष्ठ अधिकारी! त्यामुळे टेबल शब्द आला की तू बिनधास्त विचार की आत्ता घ्यायचं की नंतर, कुणीही तुला हसणार नाही.

आपलेही सगळे वाक्प्रचार आपल्या मातीतनं, आपल्या इतिहासातनं आलेत. अटकेपार झेंडे कळायला 1758 साली मराठे अटकेपर्यंत गेले हे कुठेतरी कानावर असावं लागतं. पानिपत झालं म्हणायला 1761. धचा मा म्हटलं की नारायणराव पेशवे, 1773, आणि चिठ्ठीत ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं म्हणून सांगतात ती गोष्ट. त्या पोलंडच्या सुनेला मी धचा मा सांगायला बसले तर शनिवारवाड्यापासून सुरुवात करावी लागली. तिला ते नाही आलं म्हणून ती कमी नाही, आणि तुला लेफ्ट फील्ड नाही आलं म्हणून तू कमी नाहीस.

एक मात्र सांभाळ. इडियमच्या उगमाच्या गोष्टी लक्षात ठेवायला चांगल्या असतात पण इंटरनेटवर त्यातल्या पुष्कळ खोट्या फिरतात. कुत्र्या-मांजरांच्या पावसाची ती प्रसिद्ध गोष्ट, जुन्या काळी इंग्लंडमध्ये गवताच्या छपरांवर जनावरं झोपायची आणि पावसात घसरून खाली पडायची, ती 1999 च्या सुमाराला एका फॉरवर्ड ईमेलमधून जगभर पसरली आणि तिला काही आधार नाही. हा वाक्प्रचार जोनाथन स्विफ्टने 1738 साली वापरलेला सापडतो, पण तो नक्की कशावरून आला याचा पक्का पुरावा नाही. तेव्हा गोष्ट सांगून शिकवणाऱ्या रील्सवर फार विश्वास ठेवू नकोस, अर्थ तेवढा घे.

आता जे मला तुला खरंच सांगायचंय ते. समजणं आणि वापरणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि तू दोन्ही एकदम करायला निघालीयस. समजायची घाई कर. वापरायची अजिबात नको. तुला कॉलवर लाज वाटली ती कळलं नाही म्हणून, तू इडियम बोलली नाहीस म्हणून कुणी तुला काही म्हणालं का? साधं, स्वच्छ, मुद्द्याचं इंग्लिश बोलणाऱ्या माणसाला क्लायंट कधी नाव ठेवत नाही, उलट त्याला बरं वाटतं. वाक्प्रचार अर्धवट वापरला की मात्र लगेच खटकतो. कुणी मराठीत ‘माझ्या नाकी दहा आले’ म्हटलं तर? अर्थ कळेल, पण कान टवकारले जातील. नऊच का, हे आपल्यालाही सांगता येत नाही, पण नऊच. इंग्रजीतही तसंच, बादलीच, बालदी चालत नाही, टच द बेस म्हटलं तर ते ऑफिसमधलं टच बेस राहत नाही. आणि कुणाला काय बोलायचं हा आणखी वेगळा प्रश्न, कट टू द चेस हे आपल्या मैत्रिणीला चालतं, क्लायंटला म्हटलंस तर ते ‘पाल्हाळ पुरे, मुद्द्याचं बोला’ असं लागतं. म्हणून माझा नियम असा आहे की एखादा वाक्प्रचार तीन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून, तीन वेगवेगळ्या वेळी ऐकल्याशिवाय स्वतःच्या तोंडात घ्यायचा नाही, आणि तेव्हाही तो आपसूक आला तरच.

मग करायचं काय? एक वही घे, शंभर पानी पुरे. कॉलवर जे अडलं ते पूर्ण वाक्य लिहून घे, नुसता वाक्प्रचार नको, पूर्ण वाक्य, कोण कुणाला म्हणालं, आणि त्यानंतर काय झालं, हसले, गप्प बसले, तारीख बदलली, जे असेल ते. मग खाली, त्याच जागी, त्याच माणसाशी मराठीत बोलताना आपण काय म्हटलं असतं ते लिही. तुझ्या सांगलीकडच्या बोलीत लिही, पुस्तकी नको. लेट गोच्या खाली नारळ दिला. टेक इट ऑफलाइनच्या खाली ‘ते आपण मागनं बोलू’. सर्कल बॅकच्या खाली ‘याच्याकडे परत येऊ’. लो हँगिंग फ्रूट म्हणजे हाताला लागणारी फळं आधी तोडून घेऊ, तुमच्याकडे शेतात जे म्हणत असतील ते लिही, तुझ्याकडे त्याला माझ्यापेक्षा चांगला शब्द असणार. आठवड्याला तीन-चार झाले तरी खूप झाले, कारण ते तुझ्याच कॉलवरचे आहेत, परत येणारच आहेत. मीटिंगच्या ॲपमध्ये लाइव्ह कॅप्शन्स असतात ती चालू ठेव, कान चुकला तर डोळे पकडतात. अर्थ बघायला केंब्रिजची किंवा ऑक्सफर्डची शिकणाऱ्यांसाठीची ऑनलाइन डिक्शनरी उघड, फुकट आहेत, सोप्या इंग्रजीत सांगतात आणि मुख्य म्हणजे हे अमेरिकन आहे की ब्रिटिश, बोलण्यातलं आहे की जुनाट झालंय, हे तिथे शेजारी लिहिलेलं असतं. ते शेजारचं बारीक अक्षर अर्थाइतकंच महत्त्वाचं आहे. बीबीसी लर्निंग इंग्लिशचा द इंग्लिश वुई स्पीक म्हणून छोटा कार्यक्रम आहे, दर वेळी एक वाक्प्रचार, दोन माणसं बोलताना, कंपनीच्या बसमध्ये ऐकत जा.

आणि कॉलवरच अडलं तर विचारायचं, पण ‘व्हॉट इज द मीनिंग’ म्हणून नाही, त्याने आपण लहान होतो आणि समोरच्यालाही अवघडतं. आपल्याला जे समजलं ते आपल्या साध्या शब्दांत परत म्हणायचं. जस्ट टू बी शुअर, यू मीन वी टॉक अबाऊट धिस लेटर, राइट? बस. चूक असेल तर ते दुरुस्त करतात, बरोबर असेल तर सगळ्यांचीच खात्री होते. मी बघितलंय, असं विचारणारी व्यक्ती मीटिंगमध्ये सगळ्यांना हवीशी वाटते.

आणखी एक, उलट्या बाजूचं. आपणही त्यांना अडकवतो. आपण ‘आय विल रिव्हर्ट’ लिहितो, म्हणजे उत्तर देते, पण तुमच्या कामात रिव्हर्ट म्हणजे केलेला बदल मागे घेणं, तिकडचा माणूस घाबरून फोन करेल. ‘आय पास्ड आऊट इन 2022’ म्हटलं की त्यांच्या डोळ्यासमोर तू चक्कर येऊन पडलेली, ग्रॅज्युएटेड म्हण. डू द नीडफुलपेक्षा नेमकं काय करायचं ते लिही. प्रीपोन हा आपला शब्द मला खूप आवडतो, ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत पण गेलाय, पण अमेरिकन माणसाला मूव्ह अप किंवा नुसतं अर्लिअर सांग. यात लाजायचं काही नाही, हेही इंग्रजीच आहे, फक्त इकडचं.

रूममेटचं म्हणणं अर्धं खरं आहे. कानावर पडावं लागतं हे खरं. लहानपणीच पडावं लागतं हे खोटं. मी पाचवीत एबीसीडी शिकले, आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीतच सुरू व्हायचं, पहिलीपासून झालं ते 2000 सालापासून, म्हणजे तुझी सुरुवात माझ्या चार वर्षं आधी झालीय. आणि टेल मी अबाऊट इट मला सत्ताविसाव्या वर्षी कळलं, तुझ्याएवढी असताना मला त्यातलं काही माहीत नव्हतं. तुझ्या कानावर रोज दीड तास अमेरिकन माणसं बोलतायत, त्याचा कंपनी तुला पगार देते. कॉन्व्हेंटमध्ये हे नव्हतं मिळत.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, लिहू की गप्प बसू. लिही. गप्प बसलीस तर त्या बाईंच्या मनात राहील की ही मुलगी त्या माणसाबद्दल असं बोलली, आणि तुझ्या मनातून तर ते मुळीच जाणार नाही. ग्रुपवर नको, त्यांना एकटीला, तीन वाक्यं. व्हेन यू सेड ही वॉज लेट गो, आय थॉट यू मेन्ट ही वॉज ऑन लीव्ह. आय ॲम व्हेरी सॉरी फॉर व्हॉट आय सेड. ही वॉज ऑलवेज काइंड टू मी. तिसरं वाक्य खरं असेल तरच घाल, नसेल तर त्याने तुला कधी काय मदत केली असेल ते लिही. स्पष्टीकरण वाढवू नकोस, मराठी मीडियम वगैरे त्यात आणू नकोस. आणि त्या माणसाचा नंबर किंवा लिंक्डइन तुझ्याकडे असेल तर त्यालाही दोन ओळी पाठव, नोकरी गेलेल्या माणसाला आपली आठवण काढणारं कुणीतरी हवं असतं. सोमवारच्या कॉलच्या आधी पाठव.